ग्रहण पाहिलेला फोटो

छातीचा जुना फोटो कुठे आहे असं विचारल्यावर लोक काय काय सांगतात ते मला तोंडपाठ आहे. घर बदलताना गेला. उंदरांनी खाल्ला. मेहुण्याकडे राहिला. पण "गावात वाटला" हे उत्तर मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"वाटला म्हणजे?" मी विचारलं.

"वाटला म्हंजी वाटला, ताई. कापून. ज्याला त्याला येक येक तुकडा," पुतळाबाई म्हणाल्या. आपण काही वावगं केलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात दिसत नव्हतं. शेजारी बाकावर बसलेले त्यांचे यजमान, झिपरूबाबा, मात्र मान खाली घालून टाचेने फरशी घासत होते.

मी सविता पगारे. ही गोष्ट दोन हजार तीन सालची. नाशिकला गंगापूर रोडवर डॉ. धनराज अहिरराव यांचं एक्स-रे आणि स्कॅनचं खासगी सेंटर होतं आणि तिथली मशिनं, कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. टेबलावरच्या पाटीवर 'सिस्टिम इन-चार्ज' असं झोकात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात यूपीएसच्या बॅटरीत पाणी घालण्यापासून प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. लाइट गेली की तीही जणू मीच घालवली, अशा नजरेने सगळे माझ्याकडे बघायचे. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात ही नोकरी.

दोन वर्षांपूर्वी सरांनी नवी यंत्रणा आणली होती. फोटो आता डार्करूममध्ये धुवावा लागत नसे, तो थेट पडद्यावर उमटायचा आणि त्याची एक प्रत आमच्याकडे कायमची राहायची. त्याआधी तसं नव्हतं. एक्स-रेची एकच फिल्म निघायची आणि ती पाकिटात घालून पेशंट घरी न्यायचा. दवाखान्याकडे काहीच उरायचं नाही. जुनी डार्करूम रिकामी झाली होती, तिथे आता सर्व्हर होता, एसी होता आणि माझी खुर्ची होती. इथे आलेला फोटो यापुढे हरवणार नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचे. थोडी घमेंडच होती म्हणा ना.

झिपरू भोये सुरगाण्याकडचे. घरची भात-नागलीची थोडी शेती, आणि हंगाम सरला की दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला. खोकला महिनाभर हटेना म्हणून बागाईतदाराने त्यांना आमच्याकडे पाठवलं. आम्ही छातीचा फोटो काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, एक पांढरा ठिपका दिसला. स्कॅन केला, सुई घालूनही तपासलं, पण त्यातून धड काही कळलं नाही. छातीच्या सर्जननी सांगितलं की छाती उघडून तेवढा भाग काढून टाकावा.

सरांनी त्या दोघांना रिपोर्टिंगच्या खोलीत बसवून नीट समजावलं. मी तिथेच एक पडदा दुरुस्त करत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"बाबा, तुमच्या वयाच्या आणि बिडी ओढणाऱ्या माणसाच्या छातीत असा ठिपका दिसला की आम्ही वाईटच धरून चालतो," सर म्हणाले. "एकच गोष्ट असेल तर हे सगळं टळतं. याआधी कधी छातीचा फोटो काढला होता का?"

काढला होता. आणि आमच्याच दवाखान्यात काढला होता, अशोक स्तंभापाशी सरांची जुनी दोन खोल्यांची जागा होती तेव्हा. चौऱ्याण्णव साली झिपरूबाबा ट्रॉलीवरून पडले होते आणि बरगडी मोडलीय का ते बघायला त्यांना तिथे आणलं होतं.

"मग तो फोटो आणा," सर म्हणाले. "हाच ठिपका तेव्हाही इथेच आणि एवढाच असेल, तर तो कसल्या तरी जुन्या दुखण्याचा व्रण आहे. इतकी वर्षं गप्प बसलेल्या ठिपक्याला कोण कशाला हात लावेल? खोकल्याचं औषध देतो आणि घरी जा."

"आन त्या फोटूत ठिपका नसंल तर?" झिपरूबाबांनी विचारलं.

"तर तो नवा आहे. मग काढायलाच हवा, आणि लवकर."

झिपरूबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझा भाऊ फकिरा पोट कापाया गेला, त्यो माघारी आलाच नाय," ते म्हणाले. "म्हनून मी तुमच्या बोलन्यावर कापून घेनार नाय, सायेब. राग नका मानू. पन माझा सोताचा फोटू काय बोलंल त्ये मी ऐकीन. ठिपका जुना म्हनला तर घरी. नवा म्हनला तर कापा. आन फोटू मिळालाच नाय, तर मी घरी जातो. देवाच्या मनात आसंल तसं."

सरांनी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. उपयोग झाला नाही. डोंगरातली माणसं भांडत नाहीत, नुसती गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

आणि मग मी जुन्या फोटोचं विचारलं तेव्हा पुतळाबाईंनी ते वाटपाचं सांगितलं.

झालं होतं असं. पंच्याण्णव सालच्या दिवाळीत सकाळच्या वेळी सूर्याला ग्रहण लागलं होतं. शाळेच्या गुरुजींनी पाड्यावर सगळ्यांना बजावलं होतं की नुसत्या डोळ्यांनी बघू नका, एक्स-रेचा काळा फोटो धरा. आणि अख्ख्या पाड्यावर तसला फोटो एकाच घरात होता. डॉक्टरांनी जपून ठेवा म्हणून सांगितलेलं, त्यामुळे पुतळाबाईंनी तो पाकिटासकट आढ्याला बांधून ठेवला होता.

"दारात ही गर्दी," पुतळाबाई म्हणाल्या. "पोरं आली, म्हातारीकोतारी आली. मी येकटी कशी बघू? मंग घेतली कात्री."

"अहो मावशी, एकेकाच्या हातात देऊन फिरवायचा होता ना," मी म्हणाले.

"गिरान काय थांबतं का, ताई?"

सर आधी खो खो हसले, मग गंभीर होऊन म्हणाले की असल्या फोटोतून सूर्य बघणंसुद्धा बरोबर नाही, डोळे जातात.

"नाय गेलं कुनाचं," पुतळाबाई म्हणाल्या.

त्या घरी जाऊन राहिलेला भाग घेऊन आल्या. मी तो लाइटच्या पेटीवर लावला, म्हणजे मागून उजेड देणारी ती पांढरी काच असते तिच्यावर. कणा होता, हृदय होतं, पोटाचा थोडा भाग होता. खालच्या कोपऱ्यात आमच्या जुन्या दवाखान्याचा नंबर आणि साल होतं. फोटो त्यांचाच, यात शंका नव्हती. फक्त फुप्फुसं नव्हती. दोन्ही बाजूंनी कात्रीने व्यवस्थित कापून नेलेली.

बरोबरच होतं. फुप्फुसात हवा असते, म्हणून एक्स-रेत ती काळी दिसतात. हाडं आणि हृदय पांढरं. ग्रहण बघायला काळा भाग लागतो. पुतळाबाईंनी प्रत्येकाला काळं मिळेल असं बेतून कापलं होतं आणि बिनकामाचं पांढरं तेवढं स्वतःच्या घरात ठेवलं होतं. आम्हाला नेमकं हवं होतं ते गावभर पसरलेलं.

"सोड आता," सर मला म्हणाले. "आठ वर्षांत कोण ठेवतंय."

मला कुणी सोड म्हटलं की मी हमखास धरते. हा दोष आईने लहानपणापासून काढायचा प्रयत्न केला आणि शेवटी तिनेच सोडून दिलं. त्यात खरं सांगायचं तर मला तो माणूस आवडला होता. आपल्या छातीचं काय करायचं ते आपण ठरवणार, पण मनाला येईल तसं नाही, पुरावा बघून, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं. तुकडे मिळाले तर ते जुळवून, स्कॅन करून पडद्यावर आणणं माझ्या हातचं होतं. मी पुतळाबाईंना म्हणाले की रविवारी मी येते, आपण दोघी मिळून शोधू.

नवा फोटो मी मुद्दाम जुन्याच मापाच्या फिल्मवर छापून घेतला, म्हणजे तुकडा त्यावर ठेवून कुठला ते कळेल. सरांनी त्यावर सर्जनसाठी पिवळ्या पेन्सिलीने ठिपक्याभोवती गोल केला. तो गोल पुतळाबाईंना दाखवून मी सांगितलं, "या जागेचा तुकडा आपल्याला हवा. बाकी मिळाले तर बरंच, पण हा पाहिजेच." त्यांनी त्या गोलावर बोट ठेवलं आणि मग तेच बोट नवऱ्याच्या छातीवर त्याच जागी ठेवून पाहिलं.

रविवारी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सुरगाण्याची एसटी धरली. पुढे जीप. ड्रायव्हरच्या मांडीवर तेवढं कुणी बसलेलं नव्हतं. पाड्यावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं, अंगणाअंगणांत मोहाची फुलं वाळत पडलेली होती. झिपरूबाबा दारात बसून खोकत होते. मला बघून त्यांनी घोंगडी झटकून अंथरली आणि म्हणाले, "बघा, सापडतोय का मी."

मी आणि पुतळाबाई घरोघर हिंडलो. मला वाटलं होतं लोक हसतील. पण लोकांनी तुकडे जपले होते. एका घरात तो आरशाच्या पाठीला लावलेला होता. एका म्हातारबाबांनी तंबाखूच्या पिशवीतून काढून दिला आणि आता तंबाखूला ओल लागणार म्हणून कुरकुरले. एकाने खिडकीच्या भोकाला ठोकला होता, तो काढताना कोपरा फाटला. लंकाबाई नावाच्या आजीने आपला तुकडा देण्याआधी मला ग्रहण कसं दिसलं होतं त्याची सगळी हकिकत सांगितली. "भाकर चावल्यागत दिसत व्हता सूर्य," ती म्हणाली. "झिपरूच्या छातीतून बघितला आमी."

डावं फुप्फुस जवळजवळ सगळं मिळालं. उजव्याचा खालचा भाग मिळाला. पिवळ्या गोलाची जागा तेवढी रिकामी.

"त्यो कुसाकडं हाय," पुतळाबाई म्हणाल्या, आणि चालायच्या थांबल्या.

कुसाबाईंचं घर पाड्याच्या टोकाला होतं. त्या आणि पुतळाबाई एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या, सख्ख्या बहिणींसारख्या. ग्रहणाच्या वेळी कुसाबाई गरोदर होत्या. सासूने आत बसवून ठेवलं होतं, पण त्यांना बघायचं होतं आणि पुतळाबाईंनी मागच्या दाराने एक तुकडा त्यांच्या हातात दिला. पुढे मुलगी झाली ती वरचा ओठ दुभंगलेली. सगळ्यांनी ग्रहणाला बोल लावला आणि ग्रहण दाखवलं कुणी, तर पुतळीने. तेव्हापासून कुसाबाई पुतळाबाईंशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मग तो तुकडा त्यांनी ठेवला कशाला असेल?" मी विचारलं. "फेकून दिला असेल."

"नाय फेकनार. फेकला तर आजून काय व्हईल, ह्ये भ्या." पुतळाबाईंनी पदर नीट केला, माझ्या हातातलं नव्या फोटोचं पाकीट घेतलं. "तू हितं बस. मी जाते."

मी बाहेर मोहाच्या झाडाखाली बसले. आतून भांडण ऐकू येईल म्हणून मी कान लावून होते, पण काहीच ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने एक मुलगी तोंडाला फ्रॉकचं टोक लावून बाहेर आली आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून पळाली. मी पाणी प्यायले. मग कंटाळून नखं कुरतडली. खूप उशीर झाला. जीप चुकणार म्हणून मी हाक मारणार, इतक्यात दोघी बाहेर आल्या. पुतळाबाईंच्या पदराला गाठ मारलेली होती आणि गाठीतून फिल्मचा कोपरा दिसत होता.

मला इतका आनंद झाला की मी जरा आगाऊपणाच केला. कुसाबाईंना म्हणाले, "मावशी, ओठाचं असं ग्रहणानं होत नाही. ग्रहण न बघता झालेल्या मुलांनाही होतं. नाशिकला टाके घालून नीट करतात. तुम्ही मुलीला घेऊन या, मी डॉक्टरांशी बोलते."

कुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुतळाबाईंकडे. "येते," एवढंच म्हणाल्या.

पुतळाबाई आणि झिपरूबाबा माझ्याबरोबरच नाशिकला निघाले, कारण सोमवारी सकाळी सर बसणार होते. रात्री त्यांची सोय माझ्याच घरी, नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत होणार होती. जीपमध्ये मी पुतळाबाईंना म्हणाले, "दाखवा ना तुकडा."

"उद्या," त्या म्हणाल्या. "डाक्टरच्या म्होरं."

गर्दीत पडेल, चुरगळेल, अशी काळजी त्यांना वाटत असावी. मीही आग्रह धरला नाही. फोटो वाचणं हे माझं काम नव्हे, ते सरांचं. रस्ताभर त्या बाहेर बघत होत्या. झिपरूबाबा त्यांच्या खांद्याला डोकं टेकून झोपले होते. मला मनापासून वाटत होतं की त्या गाठीत ठिपका असावा. देवाबिवावर माझा फारसा विश्वास नाही, आमच्या घरात तशी पद्धतही नाही, पण मी मनातल्या मनात कुणाला तरी सांगत होते की असू दे.

सोमवारी सर आले. मी एकेक तुकडा स्पिरिटच्या कापसाने हलक्या हाताने पुसला आणि लाइटच्या पेटीवर मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंना लावत गेले. पुतळाबाईंनी शेवटी पदराची गाठ सोडली. त्या तुकड्याला वर एक भोक पाडून दोरा ओवलेला होता, काजळी बसली होती. वरच्या कडेला उजवी बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर उमटलेलं होतं. मी तोही पुसून रिकाम्या जागी सरकवला. कापलेली कड कापलेल्या कडेला बसली आणि चौऱ्याण्णव सालचे झिपरू भोये आमच्यासमोर उभे राहिले.

सरांनी भिंग घेतलं. बघितलं, परत बघितलं. मग मला म्हणाले, "स्कॅन करून मोठा कर. नव्याच्या शेजारी लाव."

मी लावला. डावीकडे जुना, उजवीकडे नवा, एकाच मापात. एसी घरघरत होता. नव्या फोटोत ठिपका होता. जुन्यात त्या जागी बरगडीची रेघ होती, सुईने ओढल्यासारखे दोन ओरखडे होते, आणि बाकी सगळं काळंभोर.

"नाही," सर म्हणाले. "इथे काही नाही. ठिपका नंतरचा आहे."

मला रडू फुटलं. मला लोकांसमोर रडायला मुळीच आवडत नाही, म्हणून मी उगाच माउसची वायर सोडवत बसले. एवढा खटाटोप करून मी त्या माणसासाठी काय शोधून आणलं होतं, तर ऑपरेशन. हे बरोबरच होतं, हेच कळायला हवं होतं, ते मला कळत होतं. तरी मनातून वाटत होतं की तो तुकडा खिडकीला ठोकलेला असता आणि फाटून गेला असता तर बरं झालं असतं.

झिपरूबाबा उठून पडद्याजवळ आले. जुन्या फोटोकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "छाती चांगली व्हती की माझी," ते म्हणाले. मग सरांकडे वळले. "बोलला फोटू. कधी कापायचं त्ये सांगा."

पुतळाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

ऑपरेशन नाशिकमध्येच झालं, द्राक्षांचा हंगाम संपता संपता. ती गाठ वाईट होती, पण लहान होती आणि पुरती निघाली, हे आम्हाला नंतर तपासणीत कळलं. झिपरूबाबा पुढे कितीतरी वर्षं दर पावसाळ्याआधी फोटो काढायला येत राहिले. पण ऑपरेशनच्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी मी सरांकडून सुट्टी मागून घेतली आणि पुतळाबाईंजवळ जाऊन बसले. झिपरूबाबांना आत नेऊन बराच वेळ झाला होता. मी चहा आणला, त्यांनी तो हातात धरून गार केला.

"ताई, मला ठावं व्हतं," त्या अचानक म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"त्या तुकड्यात ठिपका नाय त्ये. कुसाच्या घरात दारापाशी उजेडाला दोनी फोटू धरले. पिवळा गोल व्हता ना, तिथंच बघितलं. साफ व्हतं."

जीपमध्ये त्या बाहेर बघत होत्या ते मला आठवलं.

"कुसानं बी बघितलं," त्या म्हणाल्या. "तिला सगळं सांगितलं मी. ठिपका नसंल तर छाती कापनार म्हनून. तशी ती म्हनली, आन इकडं, चुलीत घालते. सांग त्येंला, कुसाकडं नाय सापडला. तुझा मानूस घरी राहील. येवढी वरसं ती माझ्याशी बोलली नव्हती, ताई. आन बोलली त्ये ह्ये बोलली."

"मग?"

"चूल पेटलेलीच व्हती. मी म्होरं बसले. लय येळ बसले. फकिरा भावजीला न्हेलं तवा मीच त्येंला नवं धोतर नेसाया दिलं व्हतं, त्ये डोळ्याम्होरून जाईना. वाटलं, घालावा चुलीत. आमचं मानूस माझ्या शब्दाभायेर नाय. नाय सापडला म्हनले आसते तर उलटून इचारलं नसतं. खोकत खोकत का व्हईना, घरी ऱ्हायले आसते."

त्यांनी गार झालेला चहा बाकाखाली ठेवला.

"पन त्येंनी सोताच्या फोटूवर सोपवलं व्हतं. माझ्यावर न्हवं," त्या म्हणाल्या. "म्हनून आनला. आता आत गेलं मानूस त्ये माझ्या हातानं गेलं. उठलं तरी माझ्या हातानं, नाय उठलं तरी माझ्याच. कुसाला म्हायती हाय, आन आता तुला."

मला त्यांना खूप काही सांगायचं होतं. तुम्ही बरोबर केलंत, ते वाचतील, सर्जन चांगले आहेत. पण त्यांना यातलं काहीच नको होतं हे मला दिसत होतं. मी नुसता त्यांचा हात धरला.

थिएटरचं दार उघडलं. सिस्टर बाहेर आली आणि तिने व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "झिपरू भोयेंचं कोण आहे?"

मी उठायच्या आत पुतळाबाईंनी हात सोडवून घेतला होता. "मी हाय," त्या म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या.